उसनं बोट

"बोट पुढे कर. हात साबणानं धुतलेस ना?"

बायकोनं बोट पुढे केलं. मनाविरुद्ध केलं. "तुमच्या खोटेपणाला माझं रक्त कशाला?" असं तिनं काल विचारून पाहिलं होतं. उत्तरादाखल त्यानं दार आपटलं होतं.

तो शाळेच्या बसचा ड्रायव्हर. कंपनीनं हे नवं मशीन हातात ठेवून बजावलं होतं : रोज सकाळी उपाशीपोटी साखर तपासा, पंधरा दिवसांनी मशीन परत आणा. आकडे त्यातच साठतात, खोडता येत नाहीत. त्याची साखर तर तीनशेच्या खाली उतरायचं नाव घेत नव्हती. खरा आकडा कळला की नोकरी गेलीच. पथ्य पाळणं, चालायला जाणं त्याच्या जिवावर यायचं. बायकोचं बोट घरातच होतं.

स्वतःची साखर बघताना त्यानं कधी हात धुतले नव्हते. आज मात्र सगळं कसं शिस्तीत. नवी सुई लावली, बोटाच्या कडेला टोचली, थेंब पट्टीला लावला.

दोनशे अठ्ठ्याण्णव.

"चोरून काय खाल्लंस?"

"रात्रीपासून नुसतं पाणी."

"पाणी तर हल्ली हंडाभर पितेस. परत धू हात."

तिनं धुतले. तीनशे चार. त्यानं पट्ट्यांच्या डबीवरची तारीख पाहिली. मुदत संपायला वर्ष होतं. दुसऱ्या हाताचं बोट घेतलं. तीनशे एक.

"माझी नोकरी घालवायचीच ठरवलीयेस तू," तो ओरडला.

ती खुर्चीत बसली. चार महिने तिचे कपडे सैल होत चालले होते, एक जिना चढला तरी पाय गळून जायचे. त्यावर त्याचं एकच म्हणणं होतं, कामाचा कंटाळा.

"मशीनच बिघडलंय," म्हणत त्यानं कॉलेजला निघालेल्या मुलीला हाक मारली. ती हात धुऊन आली.

"आधी सुई बदला, बाबा."

ब्याण्णव.

"ठीक आहे की मशीन." त्याचा चेहरा खुलला. "आधीचे हात न धुता घेतले म्हणून सांगेन. उद्यापासून तूच ये सकाळी. हिचं बोट काही कामाचं नाही."

मुलगी आईकडे बघत होती.

बायको उठली. तिनं मशीन उचललं, पर्समध्ये टाकलं आणि चपला घातल्या.

"अगं, ते ऑफिसात द्यायचंय मला."

"आधी डॉक्टरांना दाखवते. त्यातले तीन आकडे माझे आहेत."