लाल ठिपका

सहदेव मिस्त्री टॅक्सीखालून बाहेर आला आणि हात पुसत राहिला. ब्रेकचा पाइप बदलायला एवढा वेळ लागत नाही, हे गुणाजीला कळत होतं.

"काय झालं रे?"

"ब्रेक झाला. पण तुम्ही एकदा स्वतः खाली शिरून बघा. दुसऱ्या मिस्त्रीच्या कामाबद्दल मी बोलत नाही."

गुणाजीने खाकी शर्ट काढून बॉनेटवर टाकला, गोणपाटावर उताणा झाला आणि सरकत आत गेला. सहदेवने दिवा पुढे धरला. पुढची चाकं ज्या आडव्या लोखंडावर तोललेली असतात, त्याला वीतभर चीर गेली होती. चिरेवर पट्टी ठेवून ती दोन बोल्टांनी आवळली होती आणि वरून डांबर फासलं होतं. पाइप शोधताना सहदेवने ते डांबर खरवडलं होतं.

दोन्ही बोल्टांच्या डोक्यावर लाल ठिपका होता.

घाटकोपरात असा ठिपका एकच माणूस लावी. दत्ताराम. स्वतःच्या हाताने आवळलेल्या प्रत्येक बोल्टावर तो काडेपेटीच्या काडीने लाल रंग टेकवायचा. ठिपका दिसला की तिथे पुन्हा पाना लावायची गरज नाही, असं सगळे टॅक्सीवाले मानत. गिरणीतून मिळालेला सगळा फंड ओतून ही गाडी घेतली, त्याआधी गुणाजीने ती दत्तारामलाच दाखवली होती. गाववाला, एका वाडीतला. तासभर गाडीखाली पडून तो बाहेर आला आणि म्हणाला होता, "घेऊन टाक."

"आठ महिने चालली हे नशीब," सहदेव म्हणाला. "मोठ्या खड्ड्यात आदळली तर चाक निखळेल. ते अख्खं लोखंडच बदलावं लागेल."

गुणाजी तसाच पडून राहिला. परवा त्याने एका बाळंतिणीला हॉस्पिटलातून घरी सोडलं होतं. तिची आई सारखी म्हणत होती, हळू चालवा हो. गाडी पक्की आहे मावशी, असं तो तिला म्हणाला होता.

बाहेर चपला वाजल्या.

"काय रे गुणाजी, एक दिवस दुकान बंद ठेवलंय, तर सोयरीक मोडलीस?"

दत्तारामच होता. घरी सत्यनारायण म्हणून त्याने आज गॅरेज उघडलं नव्हतं. पांढरा सदरा, कपाळाला गंध, हातात कागदाची पुडी.

"ये बाहेर. प्रसाद आणलाय. हा सहदेव तुला चहा तरी पाजतो की नाही?"

सहदेव हसला नाही. गुणाजी बाहेर येऊन उभा राहिला.

"खाली बघ."

"आता? कपडे बघ की माझे."

"मग नको बघू. पट्टी कधी मारलीस?"

दत्तारामने सहदेवकडे बघितलं, मग हातातल्या पुडीकडे.

"तू घेण्याआधी दोन महिने."

"म्हणजे मी दाखवायला आणली, तेव्हा तुला माहीत होतं."

"आधीचा मालक अकरा वर्षं माझ्याकडे येत होता. म्हणाला, दत्ताराम, हे तुझ्यामाझ्यात राहू दे. एका गिऱ्हाइकाची गोष्ट मी दुसऱ्याला सांगत नाही, गुणाजी. धंद्यात तेवढा विश्वास राखावा लागतो."

"आणि माझा?"

"तू गिऱ्हाईक कुठे? तू घरचा माणूस." दत्तारामचा आवाज खाली आला. "दर महिन्याला खाली शिरून बघत होतो की नाही? कधी पैसा घेतला तुझ्याकडून?"

घेतला नव्हता. ते फुकटचं बघणं गुणाजी घरी बायकोला, वनमालाला, दर वेळी कौतुकाने सांगायचा.

त्याने शर्ट चढवला. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली, छातीवरचा बिल्ला सरळ केला आणि टॅक्सीचं मागचं दार उघडलं.

"बस. घरी सोडतो."

"नको रे. चालत जातो."

"पूजेला लोक यायचे असतील. लवकर पोचशील."

"गुणाजीभाऊ, ही गाडी..." सहदेव म्हणाला.

गुणाजी पुढे जाऊन बसला. इंजिन चालू केलं, हात बाहेर काढून मीटर पाडला आणि समोर रस्त्याकडे बघत राहिला.

दत्तारामने उघड्या दाराच्या कडेवर हात ठेवला. एक पाय उचलला. तो आत टाकला नाही, की मागेही घेतला नाही. मीटर टिकटिकत होता.