आर्णीच्या चौकातला निरोप

चिखलदऱ्याहून परतताना जीप आर्णीच्या चौकात थांबली. बिजलीबाईंच्या लेकीला, पुष्पाला न्यायला जावई मोटरसायकल घेऊन उभा होता. सुट्टीभर मायलेकी एकाच पांघरुणात झोपल्या होत्या. उद्यापासून पुन्हा आपापलं शेत. बिजलीबाईंनी लेकीला जवळ ओढलं. बंजारा तांड्यातल्या बाया निरोप देताना गळ्यात पडून गाण्यातच रडत. बाईंनाही आईनं तसंच सासरी धाडलेलं. तेवढ्यात जीपमधून मुलगा लखन आईला म्हणाला, “याडी, इथं गाणं काढू नको. लोक पाहून राह्यले.” सूर गिळून त्यांनी लेकीच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला. गाडीवर बसलेली पुष्पा माघारी आली. “याडी, मले शब्द येत नाही. तू म्हटलंच नाही, तर मी माह्या पोरीले कसं वाटे लावू?” बिजलीबाईंनी भर चौकात तिच्या गळ्यात पडून पहिली ओळ उचलली. दुसऱ्या ओळीला लखन जीपमधून उतरून ट्रकांना बाजूनं जायची खूण करू लागला.