संगीत खुर्ची

शाळा लहान, म्हणून दहावीच्या निरोपाची पार्टी सगळ्या हायस्कूलची एकत्रच व्हायची, भर दुपारी, बाकं भिंतीला सारलेल्या हॉलमध्ये. त्या वर्षी ग्रामोफोन दहावीतल्या ताईकडे होता. तिची धाकटी बहीण चिमणी संगीत खुर्चीत पहिल्यांदाच उतरली होती.

पहिल्या फेरीला ताईने सुई उचलली, एकच झुंबड उडाली आणि सगळे बसले.

"बाद कोण झालं?" पीटीच्या सरांनी विचारलं.

"कोणीच नाही, सर."

"म्हणजे खुर्ची कमी करायची राहिलीच वाटतं," असं म्हणून सरांनी एक खुर्ची उचलून भिंतीशी नेऊन ठेवली.

पुन्हा गाणं, पुन्हा झुंबड, आणि पुन्हा सगळे बसलेले. सर खुर्च्या काढत गेले. पोरं हसून बेजार झाली. ताईला मात्र हसू येईना. खुर्च्यांचं रिंगण लहान होत चाललं होतं, पण बाद होऊन कडेला उभं असं कोणीच दिसत नव्हतं.

"सर, आता पुरे करू या ना," ती म्हणाली.

"अगं, आत्ता कुठे रंग चढतोय. लाव."

"लाव ना गं, ताई," चिमणी रिंगणातून ओरडली.

ताईने सुई टेकवली. तिने चिमणीवरची नजर हलू दिली नाही. फक्त गाणं थांबवताना क्षणभर खाली पाहिलं.

सगळे बसले होते. एकही खुर्ची रिकामी नव्हती. ताईने घाबरून हाक मारायला तोंड उघडलं, आणि कोणाला हाक मारायची तेच तिला आठवेना.