कोपऱ्यावरची अक्षरं

आमच्या कॉर्नवॉलच्या खाणीवरच्या इंजिनाला सिलिंडर गरम ठेवायला भोवती वाफेचं जॅकेट होतं, पण त्यात वाफ फिरायचीच नाही, नुसतं पाणी साचायचं. खाणीचे प्रमुख कॅप्टन ट्रिलीझनी नवे नळ टाकले, पाण्याला वाट दिली, ऊब कोंडायला बाहेरून भुसा भरून लाकडी फळ्या ठोकल्या. कोळसा इतका वाचला की इंजिनांच्या कोळसा-बचतीच्या मासिक यादीत आम्ही जिल्ह्यात पहिले आलो! तेव्हापासून कॅप्टनसाहेब रोज दुपारी इंजिनवरच्या जेगोनं आणून दिलेली घरची पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली भली मोठी करंजी, गरमागरम खात मिशीत हसायचे, "आमच्या हिच्या हातालाच ऊब आहे."

पुढच्या महिन्यात आम्ही अकरावे.

"वाफ झक्क फिरतेय, मग ऊब जाते कुठं?" म्हणत त्यांनी फळी उचकटली. भुसा उपसून केलेल्या कोनाड्यात सहा पास्ट्या मस्त शेकत बसल्या होत्या.

"अरे लबाडांनो!" कॅप्टन कडाडले. "प्रत्येकाची बायको पास्टीच्या कोपऱ्यावर नवऱ्याच्या नावाची अक्षरं कोरते, विसरलात होय? आता एकेकाला घरी धाडतो!"

पहिली जेगोची निघाली, दुसरी माझी. आम्ही हसू दाबत माना खाली घातल्या.



सहाव्या पास्टीवर स्वतःचीच अक्षरं वाचून कॅप्टनसाहेबांनी ती अलगद परत आत सरकवली.