चार अक्षरांची चिठ्ठी

हिब्रू धर्मग्रंथाच्या नकला हाताने उतरवणाऱ्या ज्यू म्हाताऱ्याच्या घरझडतीत चार अक्षरांची चिठ्ठी सापडली, तेव्हापासून राजाच्या घशाखाली घास उतरेना. राज्य देणारा आणि काढून घेणारा कुणी वेगळाच आहे, असं हा म्हातारा चारचौघांत बोलला होता. म्हणजे कटच! “कोणाचं नाव आहे हे?” राजाने दरडावलं. “ते आम्ही तोंडाने उच्चारत नाही, महाराज.” “इतका घाबरतोस त्याला? आणि मला?” राजाने त्याला कोठडीत डांबलं. मग संशयापायी पहारेकरी बदलले, सेनापतीला हाकललं, सख्ख्या भावाला हद्दपार केलं. शेवटी विश्वासाचं कोणीच उरलं नाही, तेव्हा तो स्वतःच कोठडीपाशी आला. ठेंगण्या दारातून वाकून आत शिरला. “माझं काही खरं नाही, बाबा. त्याच्यापाशी माझ्यासाठी शब्द टाकाल?” म्हातारा सरकून बसला. “चिठ्ठीतलं नाव देवाचं आहे, महाराज. त्याच्यापाशी दुसऱ्याने शब्द कशाला टाकायचा? बसा, तुम्हीच हाक मारा.”