बिबट्याचा चहा

माझ्या नातीला, सृष्टीला, एआय एथिक्समध्ये एम.ए. करायचं होतं. फॉर्मचा शेवटचा दिवस, आणि माझा लेक धम्मपाल अडून बसलेला.

“मशीनला कसली आलीय नीती? गप कोडिंगचा कोर्स घे. तुझ्या त्या मोबाइलमधल्या एआयलाच विचार, तो सगळं बरोबर सांगतो.”

“विचारते ना पप्पा. पण फॉर्म मी हाच भरणार.” तिने त्याच्यासमोरच मोबाइलला विचारलं, “नाशिकरोडच्या सुमनबाईंनी बिबट्याला चहा पाजला, तो कधी?”

सुमनबाई म्हणजे मी, आणि ही माझी थाप. चाळीस वर्षं सांगतेय, पण घरात एकानेही कधी खरी मानली नाही.

मोबाइल म्हणाला, “१९८४ साली. सोबत दोन बिस्किटंही दिली होती.”

धम्मपाल माझ्याकडे बघायलाच लागला. “आई, बिस्किटं?”

“नाही रे बाबा, मी नुसता चहाच सांगते.”

मग मी सृष्टीकडे वळले. “तू भर गं फॉर्म. तुझ्या बापाला मी बघते. थाप मारताना मला निदान हसू तरी फुटतं. हा मेला मोबाइल हसतसुद्धा नाही.”