आतली कडी

अकरा वर्षं तुरुंगात काढून ती देखरेखीच्या अटीवर सुटली. भावाने घरामागची खोली दिली, लाँड्रीत इस्त्रीचं काम मिळालं. दर मंगळवारी देखरेखीवरचे साहेब यायचे, सामान उचकायचे, फॉर्म भरून निघून जायचे.

एका मंगळवारी त्यांच्या जागी नवीन मॅडम आल्या. फॉर्मही नवा होता. कुठे जाता, कुणाला भेटता, सगळं विचारून झाल्यावर त्यांनी शेवटचा प्रश्न वाचला, "ताई, तुम्हाला काही हवंय का?"

ती बोटांवरचे इस्त्रीचे चटके चोळत राहिली. मग म्हणाली, "दाराला आतून कडी हवी होती. आधी होती ती साहेबांनी काढायला लावली. तपासणीला अडचण नको म्हणाले."

वरून परवानगी मिळवायला मॅडमना महिना लागला. मग त्या स्वतःच कडी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आल्या. दोन स्क्रू वाकडेच बसले.

"सुताराने पाहिलं तर नावं ठेवेल," म्हणत मॅडम दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. "लावून बघा."

तिने दार लोटलं, कडी सरकवली. इतकी वर्षं कडी नेहमी दुसऱ्याच कुणीतरी, बाहेरून लावली होती. तिचा हात कडीवरून निघेना.

थोड्या वेळाने दारावर हलकेच टकटक झाली. "ताई, येऊ का आत?"

"जरा थांबा," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

मॅडम बाहेर पायरीवर बसल्या आणि थांबल्या.